रांग सोडायची नाही

"साऱ्या जगात बंद पडायला दुसरी जागा मिळाली नाही का हो, काका?"

"ताई, गाडी काय मला विचारून बंद पडते?" ड्रायव्हरकाकांनी पुन्हा चावी फिरवली. गाडी खोकली, खाकरली आणि गप्प झाली. "बॅटरी गेली. आता ढकलल्याशिवाय हलत नाही."

ताईनं पडदा सारून बाहेर पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. भर बाजाराचा चौक! एका अंगाला कांद्याबटाट्याची गोदामं, दुसऱ्या अंगाला मासळीचे ओटे, समोर माल उतरवायला आलेले ट्रक, आणि या सगळ्यांची वाट अडवून मधोमध आडवी उभी राहिलेली त्यांची पांढरी गाडी. ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केलीच होती.

गाडी होती एचआयव्ही तपासणीची. ताई तिच्यावरची समुपदेशक. म्हणजे तपासणीआधी माणसाला सगळं नीट समजावायचं, मग निकाल सांगायचा, आणि निकाल काहीही असो, त्याला धीर देऊनच खाली उतरवायचं, हे तिचं काम. बोट टोचायला एक तंत्रज्ञ होता. त्याला सगळे सुईवाला म्हणत. हे खातं चालायचं गुप्ततेवर. गाडीवर पाटी नाही, खिडक्यांना जाड पडदे, आणि उभी करायची कुठं, तर गोदामांमागच्या गल्लीत, जिथं मांजरसुद्धा विचार करून शिरतं. गुप्तता इतकी कडक, की गिऱ्हाइकालाही पत्ता लागेना. महिनाभरात आपण होऊन चढला तो एकच इसम, आणि तोही आइस्क्रीमची गाडी समजून.

सकाळीच मोठ्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. "रिकाम्या गाडीला डिझेल पुरवायला खातं काही वेडं नाही. संध्याकाळी मी स्वतः येतो आणि गाडी घेऊन जातो."

फोन ठेवल्यावर ताईला रडूच फुटलं होतं. कारण त्या गल्लीच्या तोंडाशी चौकड्यांचा शर्ट घातलेला एक माणूस रोज येऊन उभा राहायचा. गाडीकडे बघायचा, मागं-पुढं बघायचा आणि परत जायचा. एक ना एक दिवस तो चढणार, अशी ताईची खात्री होती. पण गाडीच गेली तर तो बिचारा कुठं जाणार? जवळचं इस्पितळ बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर!

आणि आज गल्लीत पोचण्याआधीच गाडीनं मान टाकली होती.

"चला रे, ढकला!" हमालांचा मुकादम चार गडी घेऊन आला. सगळ्यांनी गाडीला हात लावले. "आहे काय हो आत? लई जड लागतीय."

ड्रायव्हरकाका म्हणजे सरळ माणूस. "एचआयव्हीची तपासणी," ते म्हणाले.

सगळे हात चटका बसल्यासारखे मागं आले. एकानं तर तळवे पँटला पुसून घेतले. झालं! महिनाभर साठलेलं सगळं ताईच्या डोक्यात गेलं. ती दार उघडून पायरीवर उभी राहिली आणि ट्रकच्या भोंग्यांवर आवाज चढवून ओरडली, "गाडीला हात लावून होत नाही! हात मिळवून होत नाही! एका ताटात जेवून होत नाही! डास चावून होत नाही! आणि झालाच, तर रोज औषध घ्यायचं, न चुकता! माणूस तुमच्याआमच्यासारखा जगतो, लग्न करतो, भांडतो, म्हातारा होतो! घाबरता कशाला एवढे?"

भोंगेसुद्धा थांबले. एवढ्यात मासळीवाली सुरी खाली ठेवून म्हणाली, "ताई, रागावणार नसशील तर एक विचारते. तू केलीस का गं तुझी?"

ताईनं आपल्याच बोटांकडे पाहिलं. इतकी वर्षं या कामात काढली, किती जणांना 'घाबरण्यासारखं काही नाही' म्हणून सांगितलं, पण स्वतःचं बोट पुढं करायचं कधी सुचलंच नव्हतं.

"नाही केली," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"घ्या! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" मुकादम म्हणाला आणि अख्खा चौक फिदीफिदी हसला.

"मग आत्ता करते!" ताई म्हणाली. "बघत राहा!" आणि तरातरा आत गेली.

आत सुईवाला हातमोजे चढवून तयारच होता. "पण ताई, आधी समुपदेशन लागतं. नियम आहे."

"अरे, समुपदेशक मीच ना?"

"मग स्वतःला समजवा. मी थांबतो."

ताईनं डोळे मिटले. "घाबरू नका," ती स्वतःला म्हणाली. "नाही घाबरले," तिनंच उत्तर दिलं. "तपासणी तुमच्या इच्छेनं होतेय ना?" "हो बाई, हो!" सुईवाल्यानं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला आणि निकाल येईपर्यंत बसायला सांगितलं. भिण्याचं तसं काडीचंही कारण नव्हतं. पण भीतीला कुठं कारण लागतं? ताईला शाळेत असताना काविळीत घेतलेली इंजेक्शनं आठवली, मग कोणत्यातरी सलूनमधली कात्री आठवली. आपण लोकांना किती सहज 'जरा बसा हं' म्हणतो, हे तिला त्या बाकावर बसल्यावर कळलं.

तिकडे बाहेर बातमीला पाय फुटले होते. 'ताई तपासणीला बसलीय' असं निघालेलं वाक्य पुढच्या ओट्यावर 'ताईला बसवून ठेवलंय' झालं, बाजाराच्या टोकाला 'ताईला ताब्यात घेतलंय' झालं, आणि घरापर्यंत पोचलं तेव्हा ताईचं काही खरं राहिलं नव्हतं. सासूबाई केर काढत होत्या. त्या झाडूसकट धावत सुटल्या.

"कुठाय माझी सून? काय केलंत रे तिला?"

मासळीवाली चकित झाली. "अगंबाई! तुमची सून होय ही? तुम्ही तर म्हणायचात, ती दातांच्या दवाखान्यात आहे!"

"दातांचं नंतर बघू!" सासूबाई गरजल्या. सुनेचं हे काम त्यांना कधीच रुचलं नव्हतं. शेजारणींत लाज नको म्हणून त्यांनी तो दवाखाना उभा केला होता. पण आत्ता लाज कुणाला आठवतेय? त्या पायरीवर चढणार, तेवढ्यात दार उघडून ताईच बाहेर आली. चेहरा घामानं डबडबलेला, पण हसरा.

"माझी झाली! मला नाही!" तिनं टोचलेलं बोट उंच धरलं. "दुसऱ्याचा निकाल मी मेले तरी सांगणार नाही. पण हा माझा आहे, म्हणून सांगते!"

"अगं मेले, जीव घेतलास की माझा!" म्हणून सासूबाईंनी तिला भर चौकात मिठी मारली. लग्नानंतरची ही पहिली मिठी.

सगळं गोडीगुलाबीनं संपलं असतं. पण कांद्याच्या गोदामाच्या मालकाला, ज्याला सगळे कांदेशेठ म्हणत, कुठं थांबावं ते कधीच कळलं नव्हतं. तो पोट हलवत हसला. "सुनेचं झालं! आता सासूबाईंचं होऊन जाऊ द्या!" मुकादमही खो खो हसला.

सासूबाई वळल्या. "होऊन जाऊ दे! मी काय भिते? पण माझ्यामागं तू यायचं. तू हसलास ना? आणि तो मुकादम, तोही हसला. मी सगळ्यांचे दात मोजलेत!"

"मला गोदामात काम आहे," म्हणत कांदेशेठ सटकायला लागला.

"निघाला!" मासळीवाली ओरडली. "शेठ निघाला! का बरं निघाला असेल?"

सगळा बाजार शेठकडे बघायला लागला. शेठचं पाऊल उचललं होतं तसंच थबकलं आणि मुकाट्यानं सासूबाईंच्या मागं येऊन टेकलं. त्याच्यामागं मुकादम आला. मुकादम उभा राहिला म्हणून त्याचे गडी उभे राहिले. माल उतरवायला कुणी उरलं नाही, म्हणून ट्रकवालेही आले. रांग दिसली की काय मिळतंय ते न विचारता उभे राहणारे चार जण सगळीकडे असतातच, ते आले. ताईनं त्यांना काय मिळतंय ते सांगितलं, तर ते पांढरे पडले. पण आता निघायची सोय कुठं होती? रांगेत उभं राहायला लोक लाजत होते तोवर ठीक होतं. आता रांग सोडायची लाज वाटायला लागली होती.

"आई, अशी जबरदस्ती चालत नाही हं," ताई घाईघाईनं म्हणाली. "ज्याची इच्छा, त्याचीच तपासणी."

"मी कुठं जबरदस्ती करतेय? ज्याला जायचं त्यानं जावं खुशाल. आम्ही फक्त बघणार."

ताईनं डोकं चालवलं. वर येणाऱ्या प्रत्येकाला ती दार लावून सांगायची, "मनात नसेल तर करू नका. नुसते बसा, पाणी प्या आणि उतरा. बाहेर कुणाला कळणार नाही." कांदेशेठ खूश झाला. तो दोन ग्लास पाणी प्यायला, त्यानं पडद्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "बसलोच आहे तर टोचून टाक बाई. रोज झोपताना मनात येतं."

त्याच्याआधी अर्थात सासूबाई होऊन गेल्या होत्या. त्यांना प्रश्न विचारताना ताईचीच जीभ अडखळत होती.

"हे असलं तू रोज परक्या माणसांना विचारतेस?"

"हो, आई."

"आणि ते सांगतात?"

"सांगतात. कुणाला कळणार नाही म्हटलं, की बोलतात."

सासूबाईंनी झाडू मांडीवर आडवा ठेवला. "मला कधी कुणी काही विचारलंच नाही गं," त्या म्हणाल्या, आणि मग ज्या बोलायला लागल्या त्या पट्टी वाळली तरी थांबल्या नाहीत. त्या खाली उतरल्या तेव्हा डोळे लाल होते आणि चाल एकदम ताठ. उतरल्या उतरल्या त्यांनी रांगेची सूत्रं हातात घेतली. झाडू आडवा धरून त्या माणसं सरळ करायला लागल्या.

दुपार कलताना वर चढला तो चौकड्यांचा शर्ट! ताईनं स्वतःला कसंबसं आवरलं. "गल्लीत का नाही आलात?"

"त्या गल्लीत दुसरं आहे काय?" तो म्हणाला. "शिरलो असतो तर आंधळ्यालाही कळलं असतं, कशाला शिरलो ते. इथं काय, सगळेच उभेत."

ताईला आपल्या खात्याच्या अकलेचं नवल वाटलं. लपवून लपवून त्यांनी या माणसाला पार उघडं पाडलं होतं. त्याचा निकाल काय आला, ते विचारू नका. या गोष्टीत ते मिळणार नाही. तो बराच वेळ बसला, बोलला, आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "उद्या आहे ना गाडी इथंच? मला परत यायचंय."

ताईला संध्याकाळी येणारे साहेब आठवले. "आहे," ती बोलून गेली.

आणि तेवढ्यात साहेब आले. गाडी बंद पडल्याचं कळल्यामुळं सोबत ओढून न्यायला दोरखंडासह एक ट्रक.

"बाजूला व्हा! गाडी न्यायचीय!"

"रांगेनं या," सासूबाईंनी झाडू आडवा घातला.

"अहो बाई, मी या खात्याचा अधिकारी आहे!"

"मग तर तुमची झालीच असेल. झालीय ना?"

साहेबांनी घसा साफ केला. नुसता घसाच साफ होत राहिला. चार माणसं वळून बघायला लागली, मग चाळीस. साहेब अर्धे वळले.

"निघाले!" मासळीवालीनं सूर लावला. "साहेब निघाले हो!"

या वेळी तिला साथ द्यायला अख्खी रांग होती. कांदेशेठचा आवाज सगळ्यांत मोठा! साहेब गाजरासारखे लाल झाले आणि मुकाट्यानं जाऊन शेवटच्या हमालामागं उभे राहिले. रांग संपायला दिवस मावळायला आला. साहेब वर चढले, बाकावर बसले. ताईनं त्यांनाही पाण्याचा ग्लास दिला, त्यांनाही 'मनात नसेल तर करू नका' सांगितलं आणि ठरलेले प्रश्न सुरू केले. तिसऱ्याच प्रश्नाला साहेबांनी रुमाल काढला.

"हे... हे असं विचारावंच लागतं का?"

"प्रश्न आपणच मंजूर केलेत, साहेब."

साहेब खूप वेळानं उतरले. ट्रकवाला दोरखंड घेऊन वाट बघत होता. साहेबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. "ही गाडी उद्यापासून रोज इथंच उभी राहील," ते म्हणाले. "बरोबर इथं. चौकात." आणि कुणाशी काही न बोलता चालू लागले. ताईनं आनंदानं सुईवाल्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्याचा चष्मा उडाला. ड्रायव्हरकाका तर नाचायलाच लागले.

सासू-सून घरी आल्या तेव्हा सासरे दारातच फेऱ्या मारत होते. बाजारातली बातमी त्यांच्यापर्यंत आली होती.

"सूनबाई, काय ऐकतोय मी? हिनंही तपासून घेतलं म्हणे?"

"हो, बाबा."

"मग? काय निघालं?"

"ते मला सांगता येत नाही, बाबा. नियम आहे."

"अगं, पण घरातल्या घरात...!" सासरे बायकोकडे वळले. "तू तरी सांग. काय निघालं? आणि एवढा वेळ आत काय बोलत होतीस?"

सासूबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या. पाय लांब केले. आजवर त्यांची एकही गोष्ट अशी नव्हती, जी या घरात सगळ्यांना ठाऊक नव्हती.

"ते माझं आणि माझ्या सुनेचं आहे."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"मग उद्या सकाळी लवकर निघा," सासूबाई म्हणाल्या. "नंतर रांग फार मोठी होते."