चप्पल काढ, पाय दाखव

आमच्या कडाव गावात नामातात्यांना तोंड दाखवून काही उपयोग नाही. ते तोंडाकडे बघतच नाहीत. रस्त्यात भेटले की नजर थेट पायांकडे, आणि "कशी हाईस?" विचारायच्या जागी हुकूम, "चप्पल काढ. पाय दाखव." सरपंच असोत नाहीतर नेरळहून आलेला नवा जावई, सूट कुणालाच नाही.

तात्या आमचे शेजारी. त्यांची बायको, पारूकाकी, गेली आणि हा नाद सुरू झाला. रिकामं डोकं, दुसरं काय, असं गाव म्हणालं. तात्यांना शुगर आहे, जुनी. गोळी चुकवत नाहीत, चहा बिनसाखरेचा. त्यांचं म्हणणं एकच. "शुगर पायाला बहिरं करते. काटा बोंबलतो, पन पायाला ऐकूच येत नाय. मंग डोळ्यानं बघायला नको?"

गावात सत्यनारायण कुठेही असो, तात्या हजर, आणि खुर्ची टाकणार ती उंबऱ्याशी. नवख्याला वाटतं, काय भाविक म्हातारा! कथा कुठवर आली याचा तात्यांना पत्ताही नसतो. दारात सगळे चपला काढतात, पाय आयतेच समोरून जातात, म्हणून ती जागा. माझ्या सासूबाईंच्या टाचेची जखम त्यांनी अशीच पकडली. "वहिनी, प्रसाद मागनं. आदी कर्जतला दवाखाना." सासूबाई फणफणल्या, पण गेल्या. तिथं शुगर निघाली, औषध सुरू झालं, जखम वेळेत भरली. आज त्या बांधावरून माझ्यापुढं चालतात, आणि लावणीला चिखलात उतरतात त्या गमबूट घालून. आधी गाव हसलं. आता बऱ्याच बायकांच्या पायात गमबूट आहेत.

कहर झाला तो तात्यांच्या पुतणीच्या लग्नात. तिला वडील नाहीत, म्हणून नवऱ्या मुलाचे पाय धुण्याचा मान तात्यांना. नवरदेव खुर्चीत, तात्या समोर स्टुलावर. पाय धुऊन झाले तसा तात्यांनी टॉवेल मागितला आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसायला घेतल्या. मुहूर्त जवळ आलेला, भटजींचा जीव वरखाली.

"तात्या, आवरा!"

"तुमी मंतर म्हना. बेचक्यात पानी ऱ्हायलं की चिखल्या होतात." आणि वर नवरदेवाला, "नखं सरळ काप रं." बिचाऱ्यानं मुंडावळ्यांसकट मान डोलावली.

एवढे पाय बघणाऱ्या माणसाचे स्वतःचे पाय मात्र कुणी पाहिले नव्हते. कुणी नमस्काराला वाकलं की तात्या पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे. "लांबूनच, लांबूनच." आम्हाला वाटायचं, विनय. विनय नावाची वस्तू तात्यांकडे कधीच नव्हती, हे तरी आमच्या ध्यानात यायला हवं होतं.

गेल्या श्रावणात आमच्याकडे पूजा होती. तात्या उंबऱ्याशी खुर्चीवर. मी प्रसाद वाटत होते तर लादीवर लाल ठिपके दिसले. कुंकू सांडलं म्हणून पुसायला वाकले, तर बोट ओलं झालं. ठिपके पायरीपासून निघून तात्यांच्या खुर्चीखाली संपत होते. पायरीवरची त्यांची चप्पल उचलून बघितली. तळातून खिळा आरपार आला होता. त्या खिळ्यावर तात्या घरापासून चालत आले होते, आणि इथं बसून खुशाल दुसऱ्यांचे पाय तपासत होते.

"तात्या, पाय दाखवा."

"माझं बरं हाय गं."

"दाखवा म्हणते ना!"

"सुनेनं का तळपाय बघायचा असतो?" तात्या पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होते. "पारी बघायची. रोज सकाळी, ओट्यावर, उन्हात. माझा गुडघा दुमडत नाय, तळवा मला दिसत नाय. ती गेली, आता कोनाला सांगू?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "मला सांगायचं!" म्हणत मी तिथंच खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.

कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दुर्लक्ष झालं असतं तर पाय काढावा लागला असता. बरेच दिवस ड्रेसिंग चाललं. पाय वाचला.

आता रोज सकाळी तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसतात. पाय माझ्याकडे, तोंड माथेरानच्या डोंगराकडे. सूचना चालूच असतात. "बेचक्यात बघ. टाच बघ. नीट बघ गं, घाई करू नको." परवा सगळं बघून झालं तरी ते पाय मागं घेईनात.

"झालं की, तात्या."

"पारी झालं की टाचेवर थाप मारायची," डोंगराकडेच बघत ते म्हणाले. "'जावा आता, पाय बरे हायत,' म्हनायची."

मी टाचेवर हलकेच थाप मारली. "जावा आता, तात्या. पाय बरे हायत."

तात्या बराच वेळ उठले नाहीत.