नानांच्या हातचा चहा

नाना गद्रे आमच्या घरात आधी नाक आत घालत, मग पाय. दार उघडलं की उंबरठ्यावरच थांबायचे, मान जराशी वर करायचे, डोळे मिटायचे. मी 'या नाना' म्हणून बाजूला होऊन उभा, आणि नाना हवेत काहीतरी वाचत असल्यासारखे. मग निकाल यायचा.

"दूध उतू गेलंय. आजचं नाही, कालचं. बर्नरच्या खाली बघा."

माझी बायको शैला शेगडी उचलून बघायची, आणि बर्नरच्या खाली कालचं दूध असायचं.

माझं स्वतःचं नाक देवानं चष्मा टेकवण्यापुरतं दिलंय. आमच्या घरात गॅस गळत होता ते मला शेजाऱ्यांनी येऊन सांगितलं होतं. त्यामुळे समोरच्या दारात नाना राहतात याचं मला भारी अप्रूप होतं. ठार बहिऱ्या माणसाला गवयाच्या शेजारी जागा मिळावी, तसं माझं झालं होतं. काही कळायचं नाही, पण अभिमान वाटायचा.

आम्ही मुलुंडला पूर्वेला नवीनच राहायला गेलो, तेव्हा नाना नुकतेच निवृत्त झाले होते. एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. "सगळी नोकरी टर्पेंटाइन हुंगण्यात गेली," ते म्हणायचे, "आता उरलेलं नाक माझं." हे उरलेलं नाक त्यांनी चहाला वाहिलं होतं.

त्या दिवसांत आमच्यासारख्यांच्या घरी चहा म्हणजे पाणी, साखर, भुकटी आणि दूध एकत्र करून विटेचा रंग येईपर्यंत उकळणं. नाना त्याला 'काढा' म्हणत. तेही रागानं नाही, कुणाच्या घरी आजारपण असावं अशा आवाजात. त्यांचा चहा घाटकोपरच्या एका कच्छी व्यापाऱ्याकडून सुटा यायचा. लांब, पीळ पडलेली पानं. मला ती चिंचेच्या झाडाखालच्या कचऱ्यासारखी दिसायची. नाना मात्र एकेक पान चिमटीत धरून खिडकीशी न्यायचे आणि सोनार तोळा बघतो तसं बघायचे. मग त्या पानांना घरी निरनिराळे वास द्यायचे. मोगऱ्याच्या दिवसांत डब्यात एक थर पानांचा, एक थर कळ्यांचा, वर मलमलचं फडकं. कधी गुलाबाच्या पाकळ्या, कधी वेलची, कधी वाळवलेली संत्र्याची साल. गद्र्यांच्या घरात धान्याचे डबे पलंगाखाली आणि चहाचे डबे फळीवर, अशी व्यवस्था होती.

"चहा फार भोळा असतो, सुधाकर," नाना मला सांगत. "जो वास शेजारी येईल, तो आपलाच म्हणून घेतो. त्याला जपावं लागतं."

या भोळेपणापायी त्यांचं खालच्या मजल्यावरच्या परबकाकूंशी दर उन्हाळ्यात वाजायचं. मोगऱ्याचा डबा मुरत असताना खाली बांगडा तळला, तर मोगरा फुकट. नानांनी एकदा जिन्यात उभं राहून हात जोडून विनंती केली, निदान खिडकी तरी लावून घ्या. काकू लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या.

"तुमची चाय येवढी नाजूक आसा, तर तिका घेवन गच्चीर जावा. माझो बांगडो खंय जातलो?"

नाना खरंच गच्चीवर गेले. डबा पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवून, शेजारी खुर्ची टाकून दोन दिवस बसून राहिले. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं, गद्रे पाण्याच्या चोरीवर लक्ष ठेवताहेत. त्यांनी पुढच्या सभेत आभाराचा ठराव मांडला.

रविवारी सकाळी नानांकडे 'चव' असे. म्हणजे आम्हा शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजायचा कार्यक्रम. दूध नाही, साखर नाही. किटली आधी गरम पाण्यानं विसळायची, पानं घालायची, पाणी 'खदखदायच्या अलीकडे' उतरवून ओतायचं, वर ऊब धरायला कापडी टोपडं चढवायचं. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. पहिला घोट नाना असा ओढायचे की पाळण्यातली मुलं दचकायची. तो घोट गालात फिरवायचे आणि एक बोट वर करायचे.

"बोलू नका. तो येतोय."

पहिल्या वेळी मी दाराकडे बघितलं.

"येतोय… येतोय… आला. मागून गुलाब आला बघ. जिभेच्या मुळाशी."

माझ्या जिभेच्या मुळाशी काहीही येत नसे. फिकट, कडवट गरम पाणी लागायचं. पण नानांचा तो चेहरा बघितला की आपल्याला देवळाच्या दारातून परत पाठवलंय असं वाटायचं. मीही डोळे मिटून मान डोलवायचो. एकदा उगाच "वा, गुलाब" म्हणालो, तर नाना म्हणाले, "आज वेलची आहे."

या सगळ्यात खरं कळणारी व्यक्ती घरात एकच होती, ती म्हणजे मालतीवहिनी, नानांची बायको. ठेंगणी, कमी बोलणारी बाई. लोकांना कप द्यायच्या, सगळ्यात शेवटी स्वतः घ्यायच्या, आणि आवाज न करता प्यायच्या. नाना त्यांच्याकडे बघत असत. वहिनींनी भुवई वर केली की डबा रद्द, मान हलवली की पास. एरवी बोट वर करणारे नाना त्या भुवईसमोर परीक्षेला बसलेले असायचे.

मग एका रविवारी नानांचे कारखान्यातले जुने साहेब सपत्नीक आले. नानांनी संत्र्याच्या सालीचा चहा काढला. साहेब 'मार्व्हलस' म्हणाले, बाईसाहेबही म्हणाल्या. नाना फुलले. वहिनींनी घोट घेतला आणि हळूच म्हणाल्या, "सालीचं पांढरं नीट खरवडलं नाहीये. कडू उतरलंय."

साहेबांचा कप हवेत थांबला. नाना हसले आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "हिला जीभच नाही हो. हिच्याकडे लक्ष देऊ नका."

खोलीत जरा हशा झाला. वहिनींनी कप गोळा केले, आत नेऊन विसळले आणि पोहे करायला घेतले. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

पुढच्याच महिन्यात वहिनी बहिणीबरोबर काशीला गेल्या. काशीला जाऊन आलं की आवडती वस्तू सोडायची असते. त्यातही लोक हुशारी करतात. माझ्या मावशीनं पडवळ सोडलं होतं, जे तिच्या ताटाला आयुष्यात कधी लागलं नव्हतं. वहिनी परत आल्यावर आम्ही गंगेचा गडू घ्यायला गेलो. नानांनी मोठ्या उत्साहानं विचारलं, "मग? काय सोडलंस?"

"चहा."

नाना हातातला गडू खाली ठेवत म्हणाले, "चहा? सगळा?"

"सगळा कशाला. तुमच्या हातचा."

एवढं बोलून वहिनींनी शैलाच्या हातावर प्रसादाची वडी ठेवली.

आता काशीत गंगेच्या काठावर सोडलेल्या गोष्टीवर वाद घालता येत नाही. नानांनाही आला नाही. त्यांनी रविवारची 'चव' चालू ठेवली, पण तिचा जीव गेला. घोट ओढायचे, बोट वर करायचे, 'येतोय' म्हणायचे, आणि नजर मालतीवहिनींच्या रिकाम्या खुर्चीकडे जायची. आला की नाही ते सांगायचं राहूनच जायचं. वहिनींनी पुन्हा एकदा आपला चहा प्यावा, नुसती भुवई वर करावी, यापलीकडे नानांना काही नको होतं. पण 'चुकलो' म्हणणं त्यांच्या तोंडाला कधी शिकवलंच नव्हतं. ते वहिनींच्या कानावर जाईल अशा बेतानं मला सांगायचे, "सालीचं पांढरं खरवडायलाच हवं, सुधाकर. त्यात दुमत नाही." वहिनी आतून भांडी घासल्याचा आवाज मोठा करायच्या.

इकडे दुपारी, नाना वामकुक्षीला आडवे झाले की, वहिनी आमच्याकडे यायला लागल्या. शैलाचा तो विटेच्या रंगाचा, आलं घातलेला काढा दोघी मिटक्या मारत प्यायच्या. हे गुपित होतं. ते गुपित साधारण एक दिवस टिकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना जिन्यात भेटले. "सुधाकर, तुमच्याकडे आलं किसून घालतात की ठेचून?"

"किसून असेल. का हो?"

"किसूनच. तिच्या पदराला होतं." थोडा वेळ कठडा चाचपत राहिले. "किती घेते?"

"शैला म्हणत होती, दीड कप."

"दीड," नाना म्हणाले, आणि पिशवी घेऊन खाली उतरले. मी मागून बघत राहिलो. बायकोच्या पदरावरून कालच्या चहातलं आलं किसलं की ठेचलं ते सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या बायकोनं आमच्या घरातला चहा बदलला असता तरी मला कळलं नसतं.

आणि तेच झालं. चार-सहा दिवसांनी नानांनी मला कागदाचा पुडा दिला. "हा शैलाला दे. मालतीला सांगायचं नाही. हात शैलाचा असला म्हणजे झालं, व्रताला बाध येत नाही." वर करण्याची रीत सांगितली. किटली नसली तरी पातेल्यावर झाकण ठेवा म्हणाले, दूध अगदी शेवटी, आणि कृपा करून उकळू नका.

दुपारचा वृत्तांत मला शैलानं संध्याकाळी दिला. वहिनींनी एक घोट घेतला आणि थांबल्या.

"शैला, चहा बदललास गं?"

"हो ना, मालतीताई. वाण्यानंच दुसरा दिला."

"अस्सं. मग वाण्याला सांग, वेलची सालीसकट कुटलीय. साल काढायची असते."

मी निरोप पोचवला. नाना भडकले. "वेलची सालीसकटच घालतात. वाण्याला… म्हणजे मला शिकवते?" दोन दिवसांनी नवा पुडा आला, साल काढलेला.

"वाण्याला म्हणावं, आता बरं आहे. पण पानं जुनी आहेत."

नाना तडक घाटकोपरला गेले.

असे महिनेच्या महिने गेले. समोरासमोर दोन दारं, मध्ये चार पावलांचा पॅसेज, आणि आत एकाच घरात राहणारी दोन माणसं आमच्या स्वयंपाकघरातून भांडत होती. पुडा जायचा, ठपका यायचा. "वाण्याचा हात आज सैल पडलाय." "वाण्याला कळवा, गुलाब सावलीत वाळवायचा असतो, गच्चीवर नाही." घरी त्यांचं बोलणं भाजी, रॉकेल आणि विजेचं बिल एवढंच. मी शैलाला म्हटलं, "वहिनींना कळलं तर काय होईल?"

"अहो, त्यांना पहिल्या घोटाला कळलंय," शैला म्हणाली. "या घरात कळलेलं नसलंच कुणाला, तर तुम्हाला."

एवढं मात्र मलाही जाणवायला लागलं होतं, की आमच्या घरचा चहा काहीच्या काही सुंदर झालाय. एक दिवस ऑफिसातून आल्यावर घोट घेतला आणि जिभेच्या मुळाशी काहीतरी मागून आलं. मी कप घेऊन तसाच उभा राहिलो. शैलानं विचारलं, "काय झालं? पोळलं का?" मी आणखी एक घोट घेतला. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की मी कुणाच्या शेजारी राहतो.

मग ती सुट्टीची दुपार. शैला माहेरी, दहिसरला गेली होती. ठरल्या वेळी दार वाजलं.

"शैला नाही? मग राहू दे, भावजी."

"बसा हो वहिनी. मी टाकतो."

वहिनी बसल्या, पण 'मीच तुमचा दात काढतो' असं एखाद्या शेजाऱ्यानं म्हटल्यावर बघावं तशा माझ्याकडे बघत. खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी पातेलं चढवलं. मोगऱ्याचा पुडा सापडला, झाकण सापडेना. शोधताना फळीवरची दोन ताटं खाली आली.

"सुधाकर, पाणी फार पुढे गेलंय." बाहेरच्या दारात नाना उभे होते, झोपेतून उठलेले, बनियनवर. पाण्याचाही वास येत असावा त्यांना. मी विचारलं नाही.

"नाना, तुम्हीच या ना आत."

त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या पाठमोऱ्या वहिनींकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत आले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ते ओतून टाक. नवं ठेव. थोडं." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "आता बुडाशी बारीक बुडबुडे दिसतील. दिसले? अजून थांब. आता उतरव. पानं घाल… मूठ नको रे, चिमूट. अजून एक. झाक."

मला झाकण ठेवताना चटका बसला. नाना पुढे झुकले, हात पाठीमागून सुटणारच होते, पण त्यांनी ते परत घट्ट धरले. त्यांची बोटं बघून मी फुंकर घालायची विसरलो. आयुष्यभर बोट वर करणारा माणूस बोटं आवळून उभा होता.

"गाळ आता. हळू. पिळू नको पानं."

मी कप आणि बशी नेऊन वहिनींपुढे ठेवली. त्यांनी घोट घेतला, आवाज न करता. नाना उंबरठ्यावरून हलले नव्हते. खाली परबकाकूंचा रेडिओ लागला होता, तेवढाच आवाज.

"भावजी," वहिनी खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "तुमच्या हाताला चव आहे हो."

वहिनींनी कपातला अर्धा चहा बशीत ओतला, बशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली.

"घ्या. उभं राहून पाय दुखतील."

नाना येऊन बसले. बशी दोन्ही हातांनी उचलली. त्यांच्या घोटाचा नेहमीचा तो आवाज झाला नाही. चहा संपेपर्यंत बोट वर गेलं नाही.

"कसा झालाय?" वहिनींनी विचारलं.

नानांनी बशी खाली ठेवली. "तू सांग," म्हणाले.

वहिनींनी कप पुन्हा तोंडाला लावला, डोळे मिटले आणि सांगायला चांगला भरपूर वेळ घेतला.