अर्धे दिसणारे मनोहरभाऊ

रायपूरच्या सदर बाजारात एका ओळखीच्या घरी आजी वारल्या, म्हणून मी भेटायला गेले होते. अशा ठिकाणी मला कधीच काही सुचत नाही. समोर त्यांची सून बसलेली, डोळे सुजलेले, आणि मी नुसती पदराचं टोक पिळत. तेवढ्यात माझ्या कानामागून कोणी तरी अगदी हलक्या आवाजात म्हणालं, "फार मायेच्या होत्या." मी म्हणाले, "फार मायेच्या होत्या." आवाज म्हणाला, "हातावर लाडू ठेवल्याशिवाय जाऊ देत नव्हत्या." मी तेही म्हणाले. सून माझ्या गळ्यात पडून रडली. आता खरं सांगायचं तर त्या आजींना मी एकदाच भेटले होते आणि त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर दाराच्या पडद्याशी मनोहरभाऊ ढोमणे उभे. अर्धे आत, अर्धे बाहेर.

मनोहरभाऊ म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांचे प्रॉम्प्टर. नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली, पण आयुष्य गेलं विंगेत. तिथे उभं राहून राहून माणूस तिरपा झाला होता. कुठेही गेले की आधी आडोसा शोधायचे. खांब, कपाट, पडदा, काहीच नाही मिळालं तर एखादा जाड माणूस. मंडळाच्या प्रत्येक ग्रुप फोटोत ते आहेत, पण कुठे नुसता कान, कुठे अर्धा चष्मा. पूर्ण मनोहरभाऊ एकाही फोटोत नाहीत.

आवाज मात्र असा की बाहेरून आला की आपल्याच डोक्यात उगवला, कळू नये. माणूस अडकला रे अडकला की हे मागून हजर, आणि वाक्य दिलं की शेपटाला "उचला, उचला" ठरलेलं. मंडईत भाजीवाली हिशेब विसरली तरी उचला, पुजारी मंत्र चुकला तरी उचला. एकदा आमच्या कॉलनीत मुलगी पाहायला पाहुणे आले. मुलगा लाजाळू, मुलगी त्याहून लाजाळू. मनोहरभाऊंनी सोफ्याच्या मागे उभं राहून दोघांनाही वाक्यं दिली. त्याला प्रश्न दिले, तिला उत्तरं दिली. लग्न जमलं, आणि संसारही चांगला चाललाय. त्यात त्या दोघांचं बोलणं किती आणि मनोहरभाऊंचं किती, ते देवालाच ठाऊक.

हे सगळं राज्य नवीन झालं तेव्हाचं. रायपूर राजधानी झालं आणि शहराला एकदम बोलायची गरज पडली. पाट्यांचे रंग ओले, साहेब लोक नुकतेच भोपाळहून आलेले, रोज कशाचं तरी उद्घाटन. त्या संध्याकाळी आठवल्या की अजून मला स्वप्नात असल्यासारखं वाटतं. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडची धूळ उन्हात सोनेरी होऊन तरंगायची, आणि ओळखीचीच माणसं नवीन हुद्दे लावून अशी फिरायची, जशी पडदा वर जायच्या आधी नट मंडळी स्टेजवर फिरतात. वेष सगळ्यांचे झालेले, पाठांतर कोणाचंच नाही.

आमच्या ऑफिसचे साहेब कॉलनीच्या वाचनालयाच्या उद्घाटनाला आले आणि "भाइयों और बहनों" म्हणून जे थांबले ते थांबलेच. कुंडीमागून आवाज आला, "आज इस अवसर पर." साहेब सुटले. जे कानावर येईल ते बोलत गेले. मग आवाज म्हणाला, "साहब, माइक थोड़ा दूर रखिए," आणि साहेबांनी हात उंचावून लोकांना खणखणीत सांगितलं, "साहब, माइक थोड़ा दूर रखिए." टाळ्या पडल्या. मी हसू आवरायला वाचनालयाच्या मागे जाऊन उभी राहिले.

तर अशा दिवसांत मनोहरभाऊंनी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारचा वर्ग काढला. नाटकाचा म्हणा, बोलायचा म्हणा. फुकट आणि सगळ्यांना खुला. इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोट्ट्या यायच्या, घराबाहेर तोंड न उघडणाऱ्या बायका यायच्या, बँकेतला सुनील यायचा, ज्याला मॅनेजरपुढे घाम फुटायचा. मी शेजारीण म्हणून गेले आणि अडकले. गोल बसायचं, एकाने एक वाक्य सांगायचं, पुढच्याने गोष्ट पुढे न्यायची. कधी हातात नसलेल्या कपातून नसलेला चहा प्यायचा आणि तो गोड आहे की कडू, ते चेहऱ्याने सांगायचं. खिडकीतून ऊन सरकत जायचं, गोष्टीतला राजा कधी बिलासपूरला जायचा, कधी गोल बाजारात पातेली घ्यायचा, आणि आम्ही मोठमोठी माणसं तोंड उघडं ठेवून ऐकायचो. पोट्ट्यांना मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीत. "अंकल, भूल गई." की लगेच यांचं, "मग राजा म्हणाला. उचला, उचला."

मला हे पटत नव्हतं, आणि मला पटलं नाही की मी गप्प बसत नाही. एक दिवस वर्ग सुटल्यावर म्हटलं, "भाऊ, तुम्ही कोणाले अडकूच देत नाही. मग हे लोक बोलायले शिकतील कसे?"

ते खांबाआड सरकले. "मले पाहवत नाही, ज्योती," म्हणाले, आणि सतरंजी गुंडाळायला लागले.

वर्गात खिडकीशी एका खुर्चीवर सिंधूवहिनी बसायच्या, मनोहरभाऊंच्या पत्नी. एके काळी मंडळाच्या नाटकांत पहिलं काम त्यांचंच असायचं. यांनी विंगेतून वाक्य द्यायचं आणि त्यांनी ते हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, असा तो संसार. मग वहिनींना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेच सावरले, पण शब्द गेले. कळायचं सगळं, डोळे तसेच चमकदार, पण बोलायला गेलं की "नाही" आणि "ते" एवढंच निघायचं. मीठ म्हणजे ते, मुलगा म्हणजे ते, पाऊस म्हणजे ते. लोकांसमोर त्या ओठ मिटूनच बसत.

पुढच्या आठवड्यात वर्गातल्या एका सोंगासाठी लुगडं मागायला मी त्यांच्याकडे गेले. वहिनी पेपर मांडीवर घेऊन म्हणत होत्या, "ते... ते..." चष्मा हवा होता, आंधळ्यालाही कळलं असतं. मी शब्द सांगायला गेले, तर मनोहरभाऊंनी हात वर करून मला थांबवलं. चष्मा त्यांच्याच खिशात होता. ते वहिनींसमोर सरळ, पूर्ण उभे होते. ओठ घट्ट मिटलेले. आत गॅसवर दूध उतू गेल्याचा वास आला, तरी हलले नाहीत. वहिनींनी डोळे मिटले, कपाळावर आठ्या आल्या, आणि कधी तरी त्यांच्या तोंडून निघालं, "चष... मा." मनोहरभाऊंनी तो वहिनींच्या हातात दिला, आणि मग गॅस बंद करायला धावले.

मला पोचवायला फाटकापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरने सांगितलं आहे, तिले शब्द द्यायचा नाही. आयता दिला का ती शोधणं सोडून देईल. दिवसभर तोंडाशी येते माझ्या, ज्योती. गिळून टाकतो. मग बाहेर कोणी अडकलं का राहवत नाही. तिथं सांडून येतो सगळं."

मी फाटकाची कडी लावून घेतली. त्या वेळी मागून वाक्य द्यायला कोणी नव्हतं.

मंडळाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाचं नाटक ठरलं आणि मनोहरभाऊंनी सिंधूवहिनींना आजीचं काम दिलं. खुर्चीवर बसायचं आणि कडी वाजली की म्हणायचं, "दार उघडा." एवढंच. सेक्रेटरी कुरकुरले. वहिनीही आधी "नाही" म्हणाल्या, मग दोन दिवसांनी स्वतःच लुगडं काढून बसल्या. मी विचारलं, "भाऊ, नाही जमलं तर?"

"तर पुन्हा तोंड उघडणार नाही ती. मी ओळखतो तिले," ते म्हणाले. "पण घरात माझ्यासमोर किती दिवस बोलंल? तिले हॉल लागते." आणि मग, "तिच्या वाक्याले मी देणार नाही. सगळ्यांचं देईन. तिचं नाही."

संमेलनाच्या संध्याकाळी हॉल भरलेला. मी सून झाले होते, सुनील घरी परतलेला मुलगा. नाटक बरं चाललं होतं. दारामागे सुनीलने कडी वाजवली. वहिनींनी तोंड उघडलं.

काही आलं नाही.

सुनीलने पुन्हा कडी वाजवली. वहिनींचे ओठ हलले, हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला. आणि मग पहिल्या रांगेतून कोणी तरी कुजबुजलं, "दार." मागून, "दार उघडा." अहो, सगळ्या कॉलनीला यांनीच सवय लावलेली. बघता बघता सगळा हॉल हलक्या आवाजात म्हणायला लागला, "दार उघडा... दार उघडा..." पंखा लावल्यावर भिंतीवरची कॅलेंडरं फडफडतात, तसा तो आवाज हॉलभर पसरला. सगळे मायेनेच म्हणत होते. पण वहिनी खुर्चीत मागे मागे जात होत्या, आणि त्यांनी ओठ मिटून घेतले. गेलं, मला वाटलं, आता हे कायमचं गेलं.

तेव्हा मनोहरभाऊ विंगेतून बाहेर आले. चष्मा कपाळावर, संहिता काखेत, पायात काही नाही. स्टेजच्या मधोमध, उजेडात, पूर्ण. लोकांनी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं.

"थांबा," ते म्हणाले. त्यांचा मोकळा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तो फाटका निघाला. "तिले कोणी काही सांगू नका. येईल तिले. आपण थांबू."

हॉल गप्प झाला. दारामागे सुनीलसुद्धा कडी धरून तसाच राहिला. वहिनींनी मनोहरभाऊंकडे पाहिलं, डोक्यापासून अनवाणी पायांपर्यंत. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. एके काळच्या मुख्य नटीला जे सहन होणार नाही, ते समोर उभं होतं.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. थांबल्या. "तुम्ही... आत जा. नाटक... चालू आहे."

शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. हॉल असा हसला की छत हलावं, आणि हसता हसता कित्येक बायकांनी डोळ्याला पदर लावला. मनोहरभाऊ "हो, हो" म्हणत उलट्या पावली गेले आणि जाता जाता विंगेच्या लाकडावर आपटले.

पुढचं वाक्य माझं होतं. आणि मी ते साफ विसरले. सवयीने विंगेकडे कान लावला. तिकडून काहीच येईना. तिरपं पाहिलं तर मनोहरभाऊ कपड्यांच्या पेटीवर बसलेले, संहिता पायाशी पडलेली, दोन्ही हातांनी तोंडावर रुमाल दाबून धरलेला. खांदे हलत होते. त्यांना त्या वेळी जगातलं कोणतंच वाक्य देता आलं नसतं.

मी लोकांकडे पाहत उभी. पदराचं टोक पिळत.

माझ्या मागून, खुर्चीतून, अगदी हलक्या आवाजात आलं, "कोण... आलं..."

मी वाक्य उचललं.