दहाव्या तुकड्यावरची थाप

"आज शाब्बासकी घेऊनच घरी येणार!" गुरुवारी सकाळी दाढीचा फेस पुसत बाबांनी जाहीर केलं.

"वर्गात मी फक्त बाई. ओळख दाखवायची नाही," मुलीने नेहमीची अट घातली.

ती दर गुरुवारी संध्याकाळी इटालियन शिकवायची. जन्मभर सुतारकाम केलेले बाबा सत्तराव्या वर्षी तिच्याच वर्गात नाव घालून मागच्या बाकावर बसले होते. उद्या कुणाला कळलं तर बापाचे लाड केले म्हणतील, या धास्तीने ती इतरांना ऊठसूट शाब्बासकी द्यायची. बाबांना चार महिन्यांत एकही नाही!

शिकवण्याची रीत सोपी होती. उच्चाराप्रमाणे शब्दाचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला बाकावर टिचकी आणि जोर येतो त्या तुकड्याला थाप.

नेमके त्याच दिवशी संस्थेचे संचालक तपासणीला आले आणि बाबांच्याच बाकाच्या टोकावर टेकले. बाईंनी फळ्यावर अकरा तुकड्यांचा अजस्र शब्द लिहिला. वर्गातले बाकीचे नऊच्या नऊ जण वाटेतच घसरले.

"मी सांगू, बाई?" बाबांनी बाह्या सरसावल्या. "प्रे, ची, पी, ते, वो, लीस, सी..."

"दोन 'स' वेगळे का केले?" संचालकांनी मध्येच विचारलं.

"जोड आहे, साहेब. जोडकाम सांध्यावरच सुटं करतात!" एवढं सांगून बाबा पुढे निघाले. "मे, वोल..." हात खांद्याच्या वर गेला. "मेन!"

बाकाने चारी पाय पसरले! संचालक जमिनीवर, त्यांचा चष्मा कोपऱ्यात आणि त्यांच्या मांडीवर बाबा. शेवटची टिचकी बाबांनी संचालकांच्या गुडघ्यावर मारली. "ते!"

वर्ग खो-खो हसत सुटला. बाबा मात्र आशेने बाईंकडे बघत होते.

"आजोबा, जरा भान ठेवा!" बाई कडाडल्या.

"चुकलं का, बाई?"

"आधी साहेबांना उठवा!"

घरी परतताना बाबांनी पुन्हा विचारलं, "आता तरी सांग, बरोबर होतं ना?"

"पुढच्या तासाला सांगेन," ती हसू दाबत म्हणाली.

शुक्रवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

पुढच्या गुरुवारी संचालकांनी दारातून डोकावून विचारलं, "काय बाई, आमचे पहिलवान आजोबा आज गैरहजर?"

सगळे हसले. तिने खडू खाली ठेवला.

"ते माझे बाबा होते. शुक्रवारी गेले."

मग मागच्या रिकाम्या जागेकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "बरोबर होतं, बाबा. अकराच्या अकरा. शाब्बास!"