समुद्र डाव्या हाताला

खिल्लारे काकांच्या शर्टाच्या खिशात सायकलची घंटी असायची. लोकांच्या खिशात पेन असतं, चष्मा असतो, तंबाखूची डबी असते. काकांच्या खिशात घंटी. सायकलला एक लावलेली होतीच. ही वेगळी, पायी चालताना लागणारी. आठवडी बाजाराला निघाले की काकूंच्या पिशवीतही एक टाकलेली असे. कांद्याच्या ढिगाआड काकू दिसेनाशा झाल्या की काका खिशातून घंटी काढून दोनदा वाजवत, आणि काकूंनी दोनदा वाजवून उत्तर द्यायचं, असा नियम. उत्तर आलं नाही तर गृहस्थ भर बाजारात आहे तिथं उभा. मागून पाटीवाली बोंबलो की बैल अंगावर येवो, पाऊल पुढं पडायचं नाही.

"घंटी बांधाया मी काय म्हैस हाय का?" काकू मला म्हणायच्या. "सारा बाजार हसून राहिला, पन ह्यायला हाय का त्याचं काई." म्हणायच्या असं, पण वाजवायच्या मात्र. हातात मेथीच्या जुड्या असल्या तर त्या काखेत धरून वाजवायच्या.

मी तेव्हा हिंगोलीला बांधकाम खात्याच्या कचेरीत कारकून म्हणून नवा नवा लागलो होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. काका आमच्याच खात्यात मैलकुल्यांचे मुकादम. रस्त्याचे खड्डे बुजवायचे, मोऱ्या साफ करायच्या, कडेचे दगड रंगवून त्यांवर गावांची नावं काढायची, ही त्यांच्या टोळीची कामं. मैलाचे किलोमीटर झाले होते, ते काकांना अजिबात मान्य नव्हतं. "मैल मान्साचं माप हाय, बाबूसाहेब. किलोमीटर लेकराचं." माझी खोली त्यांच्या घराला लागून होती, त्यामुळे असली शास्त्रं मला दोन्ही वेळा ऐकावी लागत.

सगळ्यात मोठं शास्त्र बेटाचं. काका तरुणपणी घरातून पळून पलटणीत भरती झाले होते आणि दुसरी मोठी लढाई संपता संपता भूमध्य समुद्रातल्या एका ग्रीक बेटावर जाऊन पडले होते. बेटाचं नाव लांबलचक होतं आणि काका ते दर वेळी निराळं सांगायचे, म्हणून आम्ही आपलं नुसतं बेट म्हणायचो. त्या बेटाला एकच रस्ता, समुद्राच्या काठाकाठानं गोल फिरणारा. सकाळी सायकल काढली की दिवस मावळायच्या आत निघाल्या जागी परत. "समुद्र डाव्या हाताला धरायचा," काका सांगायचे, "मंग वाट चुकायचं कामच न्हाई." हे वाक्य त्यांना कुठंही चालायचं. कचेरीत माझी फाईल हरवली तरी तेच, शेजारच्या पोरीचं लग्न मोडलं तरी तेच. समुद्र डाव्या हाताला धरा, बाबूसाहेब.

तर ते बेट या माणसानं हिंगोलीला आणलं होतं. हिंगोलीहून नरसी, नरसीहून सेनगाव, तिथून गोरेगाव, मग कनेरगाव नाका आणि परत हिंगोली. काकांच्या हिशेबानं तेवढाच रस्ता, तसाच गोल. बेटावर एक पांढरं देऊळ होतं, ते इथं नरसी. कनेरगावला रेल्वेचं स्टेशन, म्हणून ते बंदर. रस्त्याकडेचे कडुलिंब म्हणजे तिथली जैतुनाची, ऑलिव्हची झाडं. आणि डाव्या हाताची ज्वारी, तूर, कापूस म्हणजे समुद्र. ज्वारी वाऱ्यानं हलली की म्हणायचे, "आज खवळून राहिलाय."

एका साली तर त्यांनी या रस्त्यावरच्या प्रत्येक दगडाला डाव्या अंगाला निळा ठिपका दिला. साहेब दौऱ्यावर गेले, त्यांना ठिपके दिसले. हे काय, म्हणून विचारलं तर मुकादम म्हणतो, समुद्राची खूण. साहेबांनी खुलासा मागवला आणि ते पत्र टाईप करायची पाळी माझ्यावर आली. विषय: रस्त्यावरील दगडांवर विनापरवाना समुद्र दर्शविल्याबाबत. काकांनी तोंडी सांगितलेलं उत्तरही मीच टाईप केलं: समुद्र पुसून टाकण्यात आला आहे. खाली काकांची सही. पुसला मात्र नव्हता. गवत वाढेल तिथवर ठिपके खाली सरकवले होते.

दर वर्षी संक्रांतीनंतरच्या एखाद्या रविवारी काका बेटाच्या फेरीला निघत. नियम असा की जोडीला कुणीतरी पाहिजे. आणि जोडीदार काही टिकायचा नाही. एका साली गल्लीतला शिंपी नरसीपर्यंत गेला, देवळाच्या ओट्यावर आडवा झाला तो उठेचना. शाळेतल्या ड्रिल मास्तरांना सेनगावात सासरे भेटले आणि त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. मजा अशी की जोडीदार जिथून फिरला तिथून काकाही त्याच्याबरोबर फिरायचे. कितीतरी वर्षं चाललं होतं, फेरी एकदाही पुरी झाली नव्हती.

"मग एकटेच का जात नाही पुढं?" मी एकदा विचारलं.

"एकल्याची फेरी धरत न्हाई, बाबूसाहेब. दोघं निघाले, दोघं परत आले, तवा ती फेरी."

मी हसलो. माणूस चक्रम आहे, हे सगळ्या गावानं ठरवलेलंच होतं, मी कशाला वेगळं मत देऊ. पण त्या संक्रांतीला जोडीदार म्हणून मीच सापडलो.

आदल्या दिवशी काकूंनी भाकरी, ठेचा आणि तीळगूळ बांधून दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाबू, अर्ध्यातून येऊ नका बरं का. मोप जण आले अर्ध्यातून. मंग ह्यायला आठ-आठ दिस अन्न गोड लागत न्हाई." मी म्हटलं, काकू, मी काय शिंपी आहे का? तरुण रक्त होतं, बोलायला काय जातं.

पहाटे निघालो. काका पुढं, मी मागं. प्रत्येक वळणावर ते आधी वळत, दिसेनासे होत, आणि तिकडून दोन घंट्या येत. मी दोन दिल्या की मगच पुढं जात. नरसीपर्यंत ही गंमत वाटली, सेनगावपर्यंत सवय झाली, आणि त्यानंतर वैताग. रस्ता खडीचा, सीट लोखंडाची. गोरेगावला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि मला बसताही येत नव्हतं आणि उभंही राहता येत नव्हतं. काका मात्र हरखले होते. "इथवर कोनीच आलं न्हवतं, बाबूसाहेब. तुमी पयले. आता बंदर, न् मंग घर." बोलताना त्यांनी माझा हात धरला. पन्नाशी उलटलेला माणूस, हात सोडेचना.

मी म्हटलं, काका, तुम्ही हळूहळू निघा, मी एक चहा घेऊन येतो.

"या सावकाश," काका म्हणाले. "घंटी द्या तेवढी." आणि गेले.

चहा पिऊन होतोय तोवर हिंगोलीची बस आली. त्या आठवड्यात हिंगोलीत तंबूतला सिनेमा आला होता, हेही खरं. मी सायकल टपावर चढवली. मनाची समजूत घातली की मी थकलोय म्हटलं तर हा माणूस माझ्याबरोबर परत फिरणार आणि फेरी पुन्हा मोडणार. त्यापेक्षा मी गुपचूप गेलेलं बरं, एकटा का होईना, पुरी तरी करील. पळणाऱ्याला वाट सापडतेच. मलाही सापडली.

दोन-तीन किलोमीटरवर वळण होतं. वळण घेतल्याबरोबर काका दिसले. सायकलवरच, एक पाय दगडावर टेकवून, तोंड मागं करून उभे. बस बाजूनं गेली तेव्हा त्यांचा अंगठा घंटीवर होता. मी चप्पल शोधायचं सोंग करून सीटखाली वाकलो आणि पुष्कळ वेळ वर आलो नाही. संध्याकाळी सिनेमा पाहिला. कोणता, ते आज आठवत नाही.

सकाळी मी स्टोव्हवर चहा ठेवत होतो आणि दारात काका उभे राहिले. गुडघ्यापर्यंत चिखल, धोतर फाटलेलं, हातात सायकल. मला बघून एवढंच म्हणाले, "हायेत ना बराबर?"

"हो काका."

"मंग झालं," म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसले.

ते वळणावरून गोरेगावला परत गेले होते. चहावाल्यानं सांगितलं, ते बाबू बसनं गेले. काकांना ते पटलं नाही. मला न सांगता बाबूसाहेब जायचे न्हाईत, असं त्यांनी चहावाल्याला सुनावलं, आणि त्या रस्त्यावरची एकेक मोरी, एकेक विहीर वाकून बघत, घंटी वाजवत, ते माणूस शोधत हिंडले. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. कामाचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. मला मान वर करता येईना. मी कसंबसं म्हटलं, "काका, एवढं कशाला केलंत?"

मग ते बोलले. पलटणीत त्यांचा एक दोस्त होता, करीम, कळमनुरीचा. दोघं बरोबरच पळून गेले होते. बेटावर सुट्टीच्या दिवशी दोघांनी सायकली मागून आणल्या आणि फेरीला निघाले. वाटेत दुधाच्या एका डब्यावरून भांडण झालं. करीम रागारागानं पुढं गेला. यांची चेन उतरली, हे मागं राहिले. वळणापलीकडून करीमनं दोन घंट्या दिल्या.

"म्हंजे त्याचा राग गेल्ता," काका म्हणाले. "ये म्हनत होता. माझा गेला न्हवता. म्या घंटी दिली न्हाई. येऊ दे म्हनलं मागं, काढू दे नाकदुऱ्या. तर त्यानं दोनदा दिली, चारदा दिली. मंग मला काय झालं म्हनून तो मधल्या वावरातून आडवा आला. लढाईतले सुरुंग तसेच पडून होते त्या वावरात."

स्टोव्ह फुरफुरत होता, तो मी बंद केला.

"परत आल्यावर त्याच्या मायला सांगाया गेलो. ती येवढंच बोलली, तू साथ था ना, बेटा?" काका उठले. "तुमी पोचले, बेस झालं. च्या घ्या."

त्यानंतर काकांनी कुणालाच फेरीला बोलावलं नाही. पुढच्या संक्रांतीला मी स्वतः गेलो, म्हटलं, काका, चला बेटाला, या वेळी मी सोडणार नाही. त्यांनी गुडघा दाबून दाखवला. "आता ह्या टोंगळ्यानं व्हनार न्हाई, बाबूसाहेब." गुडघा दुखत होता की नाही, देव जाणे. आठवड्याच्या आठवड्याला सगळ्या रस्त्यानं हिंडणारा माणूस तो. मी जास्त आग्रह केला नाही. तो करायला हवा होता, हे मला आज कळतं. दगडांवरचे निळे ठिपके पावसापाण्यानं गेले, आणि काकांनी ते पुन्हा काढले नाहीत.

वर्षभरात माझी बदली झाली. स्टेशनवर पोचवायला काका एकटे आले. गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातली घंटी काढून खिडकीतून माझ्या हातात दिली. "ठिवा. परक्या गावात कामी पडंल." मी म्हटलं, मग तुम्हाला? त्यांनी दुसऱ्या खिशातून सायकलची काढलेली घंटी दाखवली.

गाडी हलली. काका फलाटाच्या टोकापर्यंत चालत आले, थांबले आणि हात वर करून घंटी वाजवली. दोनदा. डब्यात कॉलेजच्या मुली होत्या, कोटवाले एक गृहस्थ होते, आणि सगळे त्या धोतरवाल्याकडे बघून हसत होते. घंटी माझ्या हातात होती. नुसता अंगठा दाबायचा होता. मला लाज वाटली, आणि मी ती रुमालात गुंडाळून मांडीवर धरून बसलो. काकांनी पुन्हा वाजवली. गाडी वळेपर्यंत ते तिथंच उभे होते, बाजारात उभे राहायचे तसे.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. रस्त्याच्या दगडावर काढावीत तशी मोठी, ठसठशीत अक्षरं, म्हणून मजकूर थोडाच मावला होता. इकडे सर्व खुशाल. इंजनाच्या आवाजात तुमची घंटी ऐकू आली न्हाई. पन तुमी दिली आसंल. दिली ना?

मी उलट टपाली लिहिलं. दिली होती काका, दोनदा दिली.