ड्रॅगनच्या पायाखालची ओल

जगातली प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी वर उभी असते आणि ती कशावर उभी आहे याकडे लोक बघत नाहीत. मानवजातीच्या बहुतेक दुःखांचं मूळ या एका दुर्लक्षात आहे, असं लघुमूर्ती रंगकाम मंडळाचं मत आहे. मंडळाने ते सर्वानुमते मंजूर केलेलं असल्यामुळे त्यावर अधिक चर्चेचं कारण उरत नाही.

या मंडळात नोकरदार, जबाबदार आणि बहुतांशी विवाहित माणसं एकत्र येऊन काल्पनिक योद्ध्यांच्या आणि राक्षसांच्या बोटाएवढ्या मूर्ती रंगवतात. हात बसला की ती मोठ्या मिनिएचरकडे वळतात. (एवढीशी वस्तू मोठी कशी, हा प्रश्न मंडळात विचारत नाहीत. एका नव्या सभासदाने विचारला होता. तो आता तिकिटं जमवतो.) मोठी मिनिएचर म्हणजे बहुधा ड्रॅगन. तो कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा असतो, आणि त्याच्या पायाखाली जो देखावा असतो, म्हणजे खडक, दलदल, पडका बुरूज वगैरे, त्याला बेस म्हणतात. ड्रॅगन काय, कुणीही रंगवेल. माणसाचा कस लागतो तो बेसला. मंडळाच्या पाहणीनुसार शंभरातले नव्वद प्रेक्षक बेसकडे ढुंकूनही बघत नाहीत. उरलेले दहा परीक्षक असतात.

अशा मंडळाच्या एका सभासदाच्या घरात एक बाळ होतं आणि त्या बाळाला आई होती. बाई चांगली शिकलेली, पण शिक्षणाचा उपयोग करायला सवड नसलेली. गॅसचं बटण, खिडकीची कडी, बाळाच्या हाताला लागेल अशी कुठलीही बारीक वस्तू आणि बाळाचा श्वास, या सगळ्यांवर तिचं एकाच वेळी लक्ष असे. नवऱ्याच्या मते हा तिचा स्वभाव होता. तो स्वतः तिच्या लक्ष ठेवण्याच्या यादीत बराच खाली असल्याने त्याला त्याचा त्रास नव्हता.

मंडळात या नवऱ्याला 'भेगा' म्हणत. दगडातल्या भेगा तो फार हुबेहूब रंगवायचा. या नावाचा त्याला मनापासून अभिमान होता. (कचेरीत त्याला कुणी कुठल्याच नावाने हाक मारत नसे.)

यंदाच्या प्रदर्शनासाठी भेगाने ड्रॅगनच्या पायाखाली एक पडका बुरूज घेतला. शेकडो वर्षं ओस पडलेला, पाणी मुरून मुरून सडलेला. कामाला सुरुवात उत्तम झाली. कॉर्क हाताने मोडून त्याचे दगड केले. आधी सगळं काळं केलं, त्यावर राखाडी दिला. मग पाण्यासारखा पातळ काळपट रंग वरून सोडला. तो आपोआप वाट काढत भेगांमध्ये जाऊन बसतो. तो वाळल्यावर ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग नुसता उंचवट्यांवरून घासत नेला आणि कॉर्कचा दगड झाला. बघणाऱ्याने हात लावून खात्री करावी असा. इथपर्यंत सगळं रीतसर. पण ओल कशी रंगवायची, याचं उत्तर सापडेना. चमकदार वार्निश लावलं तर बुरूज नुकताच पुसून ठेवल्यासारखा दिसे. हिरवा लावला तर पालक सांडल्यासारखा.

अशा वेळी घर मदतीला धावून आलं.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत, शेजारच्या न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीशी, बाळाची कॉट. त्या भिंतीत कुठेतरी नळ गळत होता. आधी तळहाताएवढा डाग आला. बाळाच्या आईने तो नवऱ्याला दाखवला. तो भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. लग्नानंतर घरातल्या एखाद्या गोष्टीकडे तो इतकं मन लावून प्रथमच बघत होता आणि तिला बरं वाटलं. (हे बरं वाटणं तिने पुढे मागे घेतलं.)

"अगं," तो हळूच म्हणाला, "हाच तो."

"कोण?"

"रंग."

त्या दिवसापासून सदर भिंत ही संदर्भ-भिंत म्हणून ओळखली जाऊ लागली. ओलीच्या भोवती चिकटपट्टीची चौकट आली. सकाळच्या उजेडात एक, दुपारच्या उजेडात एक आणि दिव्याखाली एक, असे तिचे फोटो निघू लागले. (बाळाचे फोटो काढायला हल्ली वेळच मिळत नाही, ही त्याची खंत खरी होती.) डाग पसरला, त्याला कडेने पांढरा लोणा फुटला, पोपडे सुटले आणि खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके उठले. प्रत्येक टप्प्यावर भेगा जाऊन बेसवर तेवढं उतरवून येई. आतल्या खोलीतला पंखा मात्र बंद ठेवावा लागला. पंख्याने भिंत वाळते. (बाळ खोकलं.)

बाळाच्या आईने नळवाल्याला बोलावलं. नळवाल्याने भिंतीवर बोट टेकलं, बोट आत गेलं. तो म्हणाला, ताई, एवढी ओल मी आजवर बघितली नाही, भिंत फोडावी लागेल. यातला पहिला भाग भेगाने प्रशस्ती म्हणून स्वीकारला आणि दुसऱ्यावर प्रदर्शनानंतर विचार करण्याचं आश्वासन देऊन नळवाल्याला दारापर्यंत पोचवलं.

सासूबाई आल्या. त्यांनी बेस पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. लहानपणी हा भिंतीवर रेघोट्या ओढायचा तेव्हा मी त्याला बदडायचे, आता वाईट वाटतं, असं त्या म्हणाल्या. मग खरी भिंत पाहून त्या म्हणाल्या की अगदी तशीच आलीय की. (बाळ पुन्हा खोकलं. दात येत असतील, असं ठरलं.)

बाळाच्या आईने मग बाळाला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या छातीला नळी लावली, थोडा वेळ ऐकलं आणि घरात कुठे ओल आहे का, असं विचारलं. आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग आधी ती भिंत नीट करून घ्या. औषध देते, पण भिंत तशीच राहिली तर माझं औषध काय करणार?"

हा निरोप तिने घरी येऊन जसाच्या तसा सांगितला. भेगाने हातातला ब्रश खाली ठेवून तो लक्षपूर्वक ऐकला. त्याने एकच प्रश्न विचारला.

"बुरशीचा रंग विचारला का त्यांनी?"

तरीही बाप या नात्याने त्याने विषय गांभीर्याने घेतला, हे नमूद केलं पाहिजे. कॉट दुसरीकडे हलवण्याच्या सर्व शक्यता तपासण्यात आल्या. बाहेरच्या खोलीत हलवावी तर तिथे रंगाच्या फवाऱ्याचा वास. शिवाय बाळाच्या दुपट्यांचे तंतू उडतात आणि ओल्या रंगावर बसतात. ड्रॅगनच्या पंखावर एकदा असा एक तंतू सापडला होता आणि ती संध्याकाळ घरात कुणालाच गोड गेली नव्हती. ओट्याशेजारी हलवावी तर गॅस. दारात हलवावी तर दार. या सगळ्याचा साकल्याने विचार करता बाळासाठी सर्वांत सुरक्षित जागा सध्याचीच आहे, असं निष्पन्न झालं. (या वाक्याच्या मधोमध बाळ खोकत होतं. पण चांगलं चाललेलं वाक्य तोडणं बरं दिसलं नसतं.)

प्रदर्शनाच्या आधी मंडळाचे अध्यक्ष पाहणीला आले. ते व्यवसायाने दंतवैद्य. जुनी हत्यारं ते बारीक कोरीवकामाला वापरत. (नवीही वापरत असावेत, पण पेशंटनी कधी तक्रार केलेली नाही, तोंड उघडं असताना ती करता येत नाही.) त्यांनी भिंग लावून बेस पाहिला, मग आत जाऊन भिंत पाहिली, मग परत बेस पाहिला. बाळाच्या आईने त्यांना बाळाच्या छातीबद्दल विचारलं, निदान निम्मे तरी डॉक्टर म्हणून. ते सौजन्याने म्हणाले की त्यांचं क्षेत्र दातांपुरतं मर्यादित आहे. बाळाला दात होते दोन. ते त्यांनी पाहिले आणि उत्तम असल्याचं सांगितलं.

जाताना त्यांनी भेगाच्या खांद्यावर हात ठेवला. "काम जबरदस्त झालंय रे. फक्त खालची कड वाळल्यासारखी वाटते. जरा जिवंत कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाची आई दुधाची बाटली घेऊन आतल्या खोलीत गेली, तेव्हा भेगा कॉटवर ओणवा होऊन, रंग ओले ठेवायच्या छोट्या फवाऱ्याने भिंतीवर पाणी मारत होता. तन्मय होऊन. खाली बाळ जागं होतं आणि तोंडावर पडणारे तुषार चाटत होतं. (मग खोकलं, बराच वेळ.)

"उठलं का आमचं पिल्लू?" भेगा मायेने म्हणाला आणि भिंतीची खालची कड थोडी अजून भिजवली.

बाळाची आई पुढे झाली. तिने बाळाला उचललं, दूध पाजलं, नवऱ्याला डबा भरून दिला. तो कचेरीत गेल्यावर तिने बाहेरच्या खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या. रंगाचे डबे, फवारे आणि वार्निशच्या बाटल्या तिने खोक्यात भरून गॅलरीत ठेवल्या. रंगकामाचं टेबल पुसलं, भिंतीकडे सरकवलं, त्यावर बाळाची दुपटी रचली आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत बाळासाठी वेगळी गादी घातली. मग तिने ड्रॅगन उचलला. मंडळाच्या नियमानुसार मिनिएचर उचलताना बेसला धरायचं असतं. तिने बेसलाच धरलं. आतल्या खोलीत नेऊन तिने तो कॉटमध्ये ठेवला, अगदी भिंतीला टेकवून, आणि त्याच्या शेपटीवर बाळाचं दुपटं पांघरलं.

भेगा संध्याकाळी आला. टेबल पाहून जागीच थबकला.

"अगं, ड्रॅगन कुठाय?"

"आत. कॉटमध्ये."

तो धावला. चपला काढल्या नाहीत. आतून त्याचा आवाज आला तो असा, की शेजारच्या न्हाणीघरात कुणीतरी नळ बंद केला.

"वेडबिड लागलंय का तुला? इथे केवढी ओल आहे! एका रात्रीत बुरशी धरेल याला! एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

बाळाची आई दारात उभी होती, बाळ कडेवर. परीक्षकाने बोलायचं नसतं, असा मंडळाचा नियम आहे.

भेगा ड्रॅगनला छातीशी धरून कॉटपाशी उभा होता. त्याने भिंतीकडे पाहिलं. कॉटमधल्या गादीकडे पाहिलं. गादीवर बाळाच्या डोक्याचा खोलगट ठसा होता, आणि त्यावर पोपड्यांचा बारीक भुगा पडलेला होता. मग त्याने बाळाकडे पाहिलं. बाळाने त्याच्याकडे पाहिलं आणि खोकलं.

त्यानंतर त्याने स्वतः नळवाल्याला फोन केला. यामागच्या कारणाबद्दल दोन मतं आहेत. एक असं की त्याला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. दुसरं असं की टेबल दुपट्यांना गेल्यावर ड्रॅगन ठेवायला घरात दुसरी कोरडी जागा उरली नव्हती. बाळाची आई आजही या दोन मतांपैकी कुठलंच ठामपणे धरत नाही. ती फक्त लक्ष ठेवून असते. भिंत दोन्ही मतांनी सारखीच फुटली.

आत गंजलेला नळ निघाला. तो बदलला, भिंत वाळू दिली, गिलावा नवा झाला. जुन्या गिलाव्याचा एक ओला तुकडा अध्यक्षांनी डब्यात घालून नेला. तो मंडळाच्या कपाटात आहे आणि होतकरू सभासदांना अर्जावर पाहायला मिळतो.

प्रदर्शनात भेगाच्या बेसला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं एका दलदलीला गेलं. ती रंगवणाऱ्या सभासदाच्या घरची मोरी वर्षभर तुंबलेली असल्याचं नंतर कळलं. भेगाने हा पराभव खिलाडूपणे घेतला. बेसभोवती मात्र दिवसभर गर्दी होती. नव्वदांतलेही बरेच जण वाकून बघत होते. बाळाची आई बाळाला घेऊन तिथेच बसली होती आणि येणारा प्रत्येक जण तिला एकच विचारत होता, की ओल इतकी खरी कशी काय वाटते हो? घरी बघून काढलीय, असं ती सांगे. लोक माना डोलावत, फोटो घेत आणि दलदल बघायला पुढे जात.

सुज्ञ वाचकालाही आता सर्व आवश्यक माहिती मिळालेली आहे. कॉर्कचे दगड कसे करावेत, ब्रश किती कोरडा असावा आणि निकाल काय लागला. बाळाचा खोकला मात्र जागेअभावी कंसात घालावा लागला होता. एकदाच तो चुकून बाहेर आला, त्याबद्दल क्षमस्व.

(बाळ आता बरं आहे. तुम्ही विचारलं नव्हतं, पण सांगून ठेवलेलं बरं.)