आधी पाय, मंग चाक

रस्त्यात खड्डा दिसला की आमचे शेजारी कचरूभाऊ जीप थांबवतात, चपला काढतात आणि अनवाणी त्या खड्ड्यातून चालून येतात. मगच गाडी पुढे. आमच्या पुंडलिकनगरच्या गर्दीत मागे दहा हॉर्न वाजत असले तरी. "आधी पाय, मंग चाक," एवढंच त्यांचं म्हणणं. सर्वे खात्याची सरकारी जीप चालवण्यात उभी हयात गेली, तिथली ही सवय.

मी या माणसावर जळतो. माझी गाडी नवी कोरी, चारही चाकं ओढणारी. त्यांच्या जीपचं दार सुतळीनं बांधलेलं. तरी पिशोरच्या डोंगरातली कोरडी घळ दर रविवारी पार करतात ते कचरूभाऊच. माझी बायकोही कौतुक करते ते त्यांचंच.

म्हणून मे महिन्यात एका रविवारी मीही त्यांच्या मागे गाडी काढली. एकदा तरी ती घळ त्यांच्याआधी पार करायची होती. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली वाळू नि धोंडे, सावलीचं नाव नाही. भाऊ उतरले आणि तापल्या दगडांवरून पार वळणापर्यंत चालत गेले. चाक कुठून न्यायचं तिथे खडे मांडत येऊ लागले. माझ्या गाडीला चार कॅमेरे. मी कशाला थांबतोय? खड्यांना बगल देऊन पुढे घुसलो आणि वीस पावलांवर गाडी पोटावर बसली.

भाऊ एका शब्दानं बोलले नाहीत, याचाही मला राग आला. त्यांनी टायरची हवा कमी केली, वाळू उपसली, चाकांखाली चपटे दगड सारले. तासाभरात त्यांनीच दोन्ही गाड्या घळीबाहेर काढल्या. तिथे रेंज आली आणि बायकोचा फोन वाजू लागला. मी तीनदा कापला.

"कापू नका, सायेब," भाऊ म्हणाले. "तुमच्या गाडीचं मला काय नाय. या फोनचा लई हेवा वाटतो. आमची मंडळी वारल्यापास्नं, घरी कवा येता, असं कुणी इचारतच नाय."

फोन पुन्हा वाजला तेव्हा मी उचलला, भाऊ सोबत आहेत म्हटलं आणि त्यांच्याच हातात दिला. तिनं त्यांनाही झापलं: या वयात उन्हातान्हात हे कसले उद्योग, जेवणाचा पत्ता नाही, घरी कधी येणार? भाऊ मान खाली घालून ऐकत होते. पंधरा वर्षांच्या संसारात ती माझ्यावर इतक्या मायेनं कधी रागावली नव्हती. तिथेही मी जळलोच.

"व्हय वैनी. सहापस्तोर येतो," ते म्हणाले, आणि फोन मला देता देता पुन्हा त्यातच बोलले, "सहाला नक्की."